सावलीतला अंदाज आणि उन्हातला माणूस

मे महिन्यात येत्या आठवड्याचा हवामान अंदाज बहुतेक वेळा असा असतो: कमाल तापमान चाळीस अंशांच्या आसपास, दुपारनंतर ढगाळ, काही ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. आणि खाली सूचना: दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका.

प्रश्न असा आहे की, ही सूचना नेमकी कोणासाठी आहे?

दौंड तालुक्यात, भांडगाव-यवतच्या पट्ट्यात ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत, वीटभट्ट्या आहेत. भट्टीवर मजुरी हजार विटांच्या हिशोबाने मिळते, तीही आधी घेतलेली उचल फेडत. चार तास सावलीत बसणे म्हणजे चार तासांची मजुरी सोडणे. ज्याच्या घरावर पत्रा आहे, त्याला घरात बसूनही सावली मिळत नाही.

हवामान खात्याचा आकडाही समजून घ्या. तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, म्हणजे सावलीत ठेवलेला असतो. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण बातमीतले ४१ अंश हे सावलीतले असतात. भट्टीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईच्या अंगावर येणारी उष्णता कोणत्याच बातमीत नसते.

'उष्णतेची लाट' ठरवण्याचा नियमही बघा. मैदानी भागात तापमान किमान ४० अंश हवे आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त हवे. म्हणजे सरासरी ३८ असेल, तर ४२ अंशांनाही लाट म्हणत नाहीत. शिवाय हे दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस दिसावे लागते. घोषणा दुसऱ्या दिवशी होते. मजुराचा पहिला दिवस तर उन्हात गेलेला असतो.

२०२१ ते २०२६ या काळाच्या राष्ट्रीय आपत्ती मदतीच्या यादीत थंडीची लाट आहे, उष्णतेची नाही. तमिळनाडूने २०२४ मध्ये उष्णतेची लाट ही राज्य आपत्ती ठरवली. म्हणजे इच्छा असेल तर राज्य ते करू शकते.

पाऊस आला तरी चित्र तेच. अंदाज वाचून मालक गुळावर, विटांवर कागद टाकतो. कच्च्या विटा भिजून विरघळल्या, तर त्या थापणाऱ्याचे पैसे कोण देणार? वीज कडाडली, तर उघड्या रानातल्या मजुराने जायचे कुठे?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्यांच्याच काळात कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. त्यामागचे तत्त्व साधे होते: कामगाराचे शरीर ही मालकाची मालमत्ता नाही. ते तत्त्व कारखान्याच्या फाटकाबाहेर, बांधावर आणि भट्टीवर अजून पोहोचायचे आहे.

म्हणून तरुणांनो, हवामान अंदाज नुसता पुढे पाठवू नका. विहाराच्या फळ्यावर रोज सकाळी लिहा: आजचे तापमान, इशाऱ्याचा रंग, विजेची शक्यता. 'दामिनी' ॲप पुण्याच्याच संस्थेने केले आहे, ते वस्तीतल्या प्रत्येक मोबाईलमध्ये टाका. आणि ग्रामसभेत लेखी मागणी करा: उन्हाळ्यात काम पहाटे ते अकरा, कामाच्या जागी पिण्याचे पाणी आणि सावली, इशाऱ्यामुळे काम थांबले, तर त्या दिवसाची मजुरी.

सूचना पाळण्याची ऐपत ज्याला नाही, त्याला सूचना देणे म्हणजे जबाबदारी झटकणे आहे. आपल्याला सल्ला नको, हक्क हवा.

जय भीम.