आपल्या गल्लीचे चित्र

आमच्या शालेय चित्रवहीतील निसर्गचित्र आजही डोळ्यांपुढे आहे : दोन डोंगर, त्यांमधून उगवणारा सूर्य आणि कडेला नारळाचे झाड. वसतिगृहातील आम्हां मुलांपैकी कुणी समुद्रही पाहिलेला नव्हता. आमची गावे धाब्याच्या घरांची, कडुनिंबाची आणि कपाशीने भरलेल्या गाड्यांची. तरीही आपली गल्ली कागदावर काढावी, असे आम्हांला कधी सुचले नाही. ही उणीव आपल्या शाळेने आता भरून काढावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रस्त्याचे चित्र हा हलका विषय नव्हे. जळगावपासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्यात, सतराव्या लेणीत, विश्वंतर जातक रंगविलेले आहे. राजपुत्र रथातून नगर सोडतो तो बाजाराच्या रस्त्याने, आणि चित्रकाराने तेथील दुकानदारांनाही जागा दिली आहे. महात्यागाच्या कथेत सामान्य माणसांचा रस्ता पंधराशे वर्षांपूर्वी भिंतीवर आला. कोरड्या गिलाव्यावर चिकट द्रव्यात कालवलेले गेरू, पिवळी माती, काजळी असे ते रंग. डिंकात कालवलेला अपारदर्शक जलरंग, म्हणजेच गवाश, याच कुळातला.

साहित्यही थोडके लागते : कोळशाची कांडी, जाड कागद आणि पोस्टर रंगाच्या चार बाटल्या. कोळशाने आधी रस्त्याची दिशा, छपरांच्या रेषा आणि सावल्या मांडाव्यात. चुकले तर कापडाने पुसता येते. रंग लावण्यापूर्वी सैल भुकटी झटकावी, अन्यथा पांढरा रंग मळतो. मग गडद छटांवरून फिकट छटांकडे यावे. भिंतीवरचे ऊन सर्वांत शेवटी.

धुळ्यात तर यथार्थदर्शनाचा धडा रस्त्यावरच मांडलेला आहे. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज यांच्या काळात नवी पेठ आखली गेली. तिच्या सरळ, क्रमांकांच्या गल्ल्या आजही ओळखीच्या आहेत. मुलांनी त्या अवश्य काढाव्यात, पण तेथेच थांबू नये. पेठांची आणि वाड्यांची चित्रे, छायाचित्रे कुठे ना कुठे सापडतात. गावाच्या कडेला असलेल्या आपल्या वस्त्यांची क्वचितच. आमच्यापैकी अनेकांची जन्मघरे आता उरलेली नाहीत. त्या जागी पक्की घरे झाली, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र आजीचा ओटा कोठे होता, हे मुलांना दाखवायचे तर आमच्या हाती काहीच नाही.

मोबाईलवर क्षणात छायाचित्र मिळते, मग ही खटपट कशाला, असे कुणी विचारील. चाळीसगावच्या केकी मूस यांनी छायाचित्रणालाही साधनेचे रूप दिले. तेव्हा प्रश्न साधनाचा नाही. मूल दोन तास गल्लीत बसले की शेजारची म्हातारी माणसे जवळ येतात आणि कोणत्या घरात कोण राहत होते ते सांगू लागतात. ती माहितीही चित्रासोबत मिळते.

म्हणून आमची विनंती अशी : चित्रकलेचा तास इतर विषयांनी घेऊ नये. दिवाळीच्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गल्लीचे एक चित्र काढावे आणि मागे गाव, तारीख व माहिती सांगणाऱ्या वडीलधाऱ्यांचे नाव लिहावे. ही चित्रे शाळेने जपून ठेवावीत. कागद आणि रंगांचा भार आम्ही माजी विद्यार्थी आनंदाने उचलू.