सामाईक भिंतीचा घाम

आमच्या डोंबिवलीच्या घरात लोखंडी कपाट सरकवायचं तर दोन माणसं आणि एक सबळ कारण लागतं. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात नातीचा खडू त्यामागे गेला, ती हटून बसली, म्हणून कपाट ओढलं. मागची भिंत पाहून मी खाटेवरच बसले. कमरेएवढ्या उंचीपर्यंत काळे-हिरवे ठिपके, काही ठिकाणी एकमेकांत मिसळून घोंगडीसारखे झालेले. बोट लावलं तर ओलं, गार. आत घडी घालून ठेवलेल्या पैठणीलाही कुबट वास.

ती भिंत आमची आणि शेजारच्या फ्लॅटची सामाईक. त्यामुळे निदान कपाट हलायच्या आधीच झालेलं होतं: शेजाऱ्यांचं गळतंय.

वॉटरप्रूफिंगवाला आला, भिंतीवर टकटक करून म्हणाला, "पलीकडची मोरी फोडावी लागेल." पलीकडे मोरी नाही, बेडरूम आहे, असं सांगितल्यावर क्षणभरही न अडखळता म्हणाला, "मग वरून येतंय." वरच्या वहिनींच्या बाथरूमच्या फरश्या उखडल्या. त्यांचे पस्तीस हजार गेले आणि आमच्याशी बोलणंही गेलं. आमच्या भिंतीला ओल रोखणाऱ्या महागड्या रंगाचे दोन हात बसले. पुढच्या जूनमध्ये बुरशी त्या रंगावर उगवली.

आता लाजेची गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षं आठवीला विज्ञान शिकवलं. थंड पाण्याचा स्टीलचा पेला टेबलावर ठेवायचा, बाहेरून थेंब जमले की विचारायचं, "काय रे, पेला गळतोय का?" वर्ग हसायचा. आणि घरात तोच पेला भिंत होऊन उभा राहिला, तर मी वरच्यांची फरशी फोडायला निघाले.

डोळे उघडले ते गणपतीत. शेजारचं कुटुंब दहा दिवस देवरुखला गेलं. पाऊस नुसता कोसळत होता. गळती असती तर भिंतीतून धार लागायला हवी होती. भिंत मात्र खडखडीत. ते परतले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गार ओल. बरं, ती ओल संध्याकाळी ओसरायची. वेळापत्रक पाळणारी गळती मी तरी पाहिलेली नाही.

स्वयंपाकघरातला फॉइलचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून भिंतीवर बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूवर बारीक थेंब होते. काढून पाहिलं तर मागची बाजू कोरडी. पाणी भिंतीतून येत नव्हतं, आमच्याच खोलीच्या हवेतून भिंतीवर बसत होतं.

शेजारचा मुलगा अमेरिकेच्या वेळेनुसार काम करतो. विचारलं तर म्हणाला, "काकू, एसी अठरावर असतो. मी दिवसाच झोपतो ना." पावसाळ्यात आमच्याकडे 29 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता ही नेहमीची हवा. अशा हवेचा दवबिंदू साधारण 26 अंश. पलीकडे 18 असेल आणि मध्ये चार इंची विटांची भिंत, तर आमच्या बाजूचा गिलावा दवबिंदूच्याही खाली उतरतो. त्यात कपाट टेकलेलं, म्हणजे खोलीची ऊब तिथे पोचतच नाही. बुरशीला तर थेंबांचीही गरज नसते, भिंतीलगतची हवा सतत ऐंशी टक्क्यांच्या वर दमट राहिली तरी तिचं भागतं.

दोष एकट्या त्याचा म्हणावा, तर आम्ही त्याच खोलीत दोरीवर धुणं वाळवत होतो. डासांच्या भीतीने खिडकी बंद. एका वेळच्या धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी हवेत जातं, ते कुठेतरी बसणारच.

वाईच्या वाड्यात माझी आई भिंतीवरची पांढरी पूड बोटावर घेऊन जिभेला लावायची. खारट लागली की म्हणायची, "लोणा लागलाय, पाणी आतून आलंय." भिंत चाखा असं मी सांगत नाही. पण लोणा आणि बुरशी यांतला फरक तिला कळत होता. हातात यंत्र घेऊन येणाऱ्या ठेकेदाराला कळला नाही, किंवा कळून घ्यायचा नव्हता. माझी खरी तक्रार इथे आहे. जो ओल थांबवण्याचं काम विकतो, त्याच्याकडूनच आपण ओलीचं कारण ठरवून घेतो. हवेतलं पाणी असं सांगून त्याला काय मिळणार? सोसायटीत गच्चीची गळती सोसायटीकडे, बाथरूमची ज्याची त्याच्याकडे, एवढंच गणित आपल्याला पाठ. फरशीला हातोडा लावण्याआधी चार दिवस फॉइल लावायचं आणि काही शे रुपयांचा आर्द्रतामापक खोलीत ठेवायचा, असा ठराव मी सभेत मांडला. "बाई, शाळा सुटली आता," असं कोणीतरी मागून म्हणालं. ठराव बारगळला.

1 जानेवारी 2020 पासून ऊर्जाबचतीसाठी नवा एसी मुळात 24 अंशांवर लावूनच यावा, असा केंद्राचा नियम आहे. रिमोट हातात आला की त्याला कोण विचारतो? पण शेजारच्या मुलाने ऐकलं. आता 25 आणि पंखा. आम्ही कपाट वीतभर पुढे घेतलं, धुणं गॅलरीत हलवलं. बुरशी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसली. कोरड्या झाडूने झाडली असती तर ती घरभर उडाली असती. यंदा ठिपके आले, पण चार-सहाच.

राहिल्या वरच्या वहिनी. संकष्टीला मोदकांचा डबा घेऊन गेले, माफी मागितली, पस्तीस हजारांतले अर्धे देऊ केले. पैसे नको म्हणाल्या, मोदक घेतले. मग हाताला धरून बेडरूममध्ये नेलं आणि पलंगामागची काळवंडलेली भिंत दाखवली. "तुमच्या खालून तर येत नाही ना हे?"

मी फॉइल आणायला खाली उतरले.