नाकात काडी, तोंडाला कुलूप

जुलै २०२० मध्ये अमरावतीजवळच्या बडनेऱ्यात कोविड तपासणीला गेलेल्या एका तरुणीचा नाकातला स्वॅब घेऊन झाल्यावर, तिथल्या तंत्रज्ञाने ‘आणखी एक तपासणी लागेल’ असं सांगून तिच्या योनिमार्गातून नमुना घेतला. कोरोनाच्या निदानासाठी असा नमुना घेतच नाहीत. तिने तक्रार केली. बलात्काराचा गुन्हा दाखल झाला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अमरावतीच्या न्यायालयाने त्याला १० वर्षांची सक्तमजुरी सुनावली.

‘एक विकृत माणूस’ म्हणून हात झटकणारे तेव्हा पुष्कळ भेटले. मला ते पटत नाही. त्याचं खोटं खपलं कसं, हा माझा प्रश्न आहे. सरकारी खोलीत बाईने विचारायचं नाही, सांगतील तसं करायचं, ही शिस्त आपल्याला पहिल्या बाळंतपणापासून लावलेली आहे. त्या शिस्तीच्या आडोशानेच तो वागला.

आणि सांगायला लागतं तरी किती? बाई, नाक शिंकरून घ्या, मान जरा मागे करा. मऊ टोकाची ही बारीक काडी वर डोक्याकडे जात नाही, नाकाच्या तळालगत कानाच्या दिशेने सरळ आत जाते. काही सेकंद थांबून, हळूच फिरवून बाहेर काढू. डोळ्यांत पाणी येईल. अडलं तर जोर करणार नाही, दुसऱ्या नाकपुडीतून घेऊ. काडी या नळीत मोडून टाकू, नळीवर तुमचं नाव आहे का बघा. झालं! एक मिनिटसुद्धा लागत नाही.

त्या काळात वस्तीतल्या तपासणी शिबिरांत मी रांगा लावत असे. ‘नाक वर, हलू नका’ यापलीकडे शब्द ऐकू यायचा नाही. एका मावशींनी विचारलं, “ताई, मेंदूला लागंल का वो?” काडी धरणारा हसला, बस्स. पीपीई किटमध्ये घामाने निथळणाऱ्या त्या कंत्राटी पोरांचे हाल मी पाहिले आहेत, त्यांच्यावर राग नाही. राग आहे तो दिवसाला किती नमुने झाले एवढंच विचारणाऱ्या वरच्यांवर.

‘हे तांत्रिक काम, बायकांना काय कळणार’, असंही ऐकलं. मग मे २०२१ मध्ये आयसीएमआरने पुण्याच्या मायलॅबच्या घरगुती चाचणीला मान्यता दिली कशी? त्यात नाकाच्या पुढच्या भागातून काडी आपली आपणच फिरवायची होती. बाजारात विकायचं ठरलं की बाईला लगेच कळायला लागतं!

महिला कर्मचारी हजर हवी, ही मागणी रास्तच आहे. पण तिलाही ‘साहेब, हा कसला नमुना?’ असं विचारण्याचा अधिकार नसेल, तर ती खोलीतली आणखी एक खुर्ची.

२००९ ला पुण्यात स्वाइन फ्लूच्या रांगा लागल्या, २०२० ला कोरोनाच्या. पुढचीही लागेल. तेव्हा प्रत्येक तपासणी केंद्राच्या दारावर मराठीत, चित्रांसह फलक हवा: कोणता नमुना, शरीराच्या कुठल्या भागातून, कशासाठी, घेणाऱ्याचं नाव काय आणि तक्रार कुठे करायची. सोबत आलेल्या बाईला बाहेर काढायचं नाही. आपल्या गटांनी हे निवेदन आपापल्या जिल्हा शल्यचिकित्सकांना द्यावं, पोच घ्यावी आणि महिन्याभराने फलक लागला का, ते जाऊन पाहावं.