शिक्षण, कमाई आणि हिशेब

कारखान्यातील चालते यंत्र अचानक थांबले, की प्रत्येक मिनिटाला नुकसान वाढत जाते. मोटार जळाली, तार तुटली, की सेन्सरवर नुसती धूळ बसली, हे अचूक ओळखणारा मनुष्य त्या वेळी लाखमोलाचा ठरतो. असा मनुष्य घडविणारे शिक्षण म्हणजे ऑटोमेशन अभियांत्रिकी तंत्रज्ञान. अमेरिकेत ते अनेक कम्युनिटी कॉलेजांतून मिळते. ही महाविद्यालये स्थानिक, कमी खर्चाची आणि मुख्यतः दोन वर्षांच्या पदवीची असतात.

या विद्येच्या केंद्रस्थानी पीएलसी हा नियंत्रक आहे. पूर्वी मोटारीचे मॉडेल बदलले, की रिलेंनी भरलेल्या कपाटांचे वायरिंग नव्याने करावे लागे. १९६८ मध्ये जनरल मोटर्सने त्याला पर्याय मागितला. त्यातून मोडिकॉन ०८४ हा नियंत्रक पुढे आला आणि तारांऐवजी प्रोग्राम बदलणे शक्य झाले. विद्यार्थी हा प्रोग्राम लिहितो. त्याचबरोबर विद्युत मंडले, मोटार नियंत्रण, हायड्रॉलिक व न्यूमॅटिक यंत्रणा आणि रोबोट यांचाही अभ्यास करतो. यंत्राला हात लावण्यापूर्वी वीज तोडून त्यावर स्वतःचे कुलूप लावण्याची शिस्त त्याच्या अंगी बाणवली जाते, कारण तेथे चूक जिवावर बेतते.

केंटकी राज्यात टोयोटाच्या पुढाकाराने २०१० मध्ये सुरू झालेला 'फेम' हा उपक्रम या शिक्षणाचा उत्तम नमुना होय. विद्यार्थी आठवड्यातील दोन दिवस वर्गात बसतो आणि तीन दिवस पुरस्कर्त्या कारखान्यात पगारी काम करतो. पाच सत्रांनंतर हाती पदवी येते, सोबत कामाचा अनुभवही.

खर्चाचा हिशेबही बोलका आहे. २०२३-२४ मध्ये स्थानिक रहिवाशासाठी कम्युनिटी कॉलेजचे सरासरी वार्षिक शुल्क ३,९९० डॉलर होते. चार वर्षांच्या सरकारी विद्यापीठात राज्यातील रहिवाशास तेच ११,२६० डॉलर पडे. राहण्या-जेवणाचा खर्च दोन्हीकडे वेगळा.

मात्र भारतातून मुलाला तेथे पाठविणाऱ्या कुटुंबाने हे आकडे जसेच्या तसे वहीत उतरवू नयेत. स्थानिकांचे शुल्क परदेशी विद्यार्थ्याला सहसा लागू होत नाही. त्याला पुष्कळ अधिक भरावे लागते. एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला पहिल्या शैक्षणिक वर्षात कॉलेजच्या आवाराबाहेर नोकरी करता येत नाही. त्यामुळे 'कमवा आणि शिका' या भरवशावर कर्जाचा हप्ता बेतणे धोक्याचे आहे.

दुसरी सावधगिरी पदवीच्या नावाची. 'असोसिएट ऑफ अप्लाइड सायन्स' ही पदवी प्रामुख्याने नोकरीसाठी असते. पुढे चार वर्षांची पदवी घ्यायची झाल्यास तिचे सर्व श्रेयांक विद्यापीठ स्वीकारीलच असे नाही. अभियांत्रिकीच्या पूर्ण पदवीसाठी लागणारे उच्च गणितही तीत बहुधा नसते. म्हणून कोणते श्रेयांक कोठे चालतील, याची लेखी खात्री प्रवेशापूर्वीच करून घ्यावी.

व्यापारी घराण्यात माल पारखल्याशिवाय सौदा होत नाही. मुलाच्या आयुष्याची दोन वर्षे आणि घरची पुंजी पणाला लागत असताना तर पारख अधिकच काटेकोर हवी. ज्याला यंत्राजवळ उभे राहून हात मळविण्यात आनंद वाटतो, त्याच्यासाठी ही विद्या खरोखर मोलाची आहे. केवळ परदेशाच्या ओढीने जाणाऱ्यासाठी मात्र ती महाग पडेल.