यंत्रमानवाचीही कौले परतावी लागतात

कोकणातल्या घरांत मृग नक्षत्र लागण्यापूर्वी कौले परतून घेण्याची पद्धत होती. छप्पर गळत नसले तरी माणूस वर चढे, फुटके कौल बदली, सरकलेले जागेवर बसवी. पाऊस सुरू झाल्यावर हे काम होत नाही, हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक असे.

चेन्नईच्या दक्षिणेला असलेल्या शोळिंगनल्लूरमध्ये नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबाला हे वेळापत्रक बदलावे लागते. तिथला मोठा पाऊस जूनचा नव्हे, तर ऑक्टोबर ते डिसेंबरचा. जुन्या महाबलीपुरम रस्त्यावरचा हा भाग सॉफ्टवेअर कंपन्यांचा. इथे बसून हजारो तरुण-तरुणी जगभरच्या यंत्रांची सॉफ्टवेअर लिहितात आणि दुरुस्त करतात. घरी आल्यावर मात्र आपल्याच यंत्राची ‘अपडेट उपलब्ध आहे’ ही सूचना ‘नंतर पाहू’ म्हणून बाजूला सारली जाते. दिव्याखाली अंधार, दुसरे काय!

हिरवळ कापणारा यंत्रमानव भारतात अजून विरळाच. इथल्या बहुतेक गृहसंकुलांत हे काम माळीच करतो. युरोपात मात्र तो अनेक बागांत दिसतो. स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीने १९९५ मध्ये सौरऊर्जेवर चालणारा असा यंत्रमानव बाजारात आणला होता. भारतीय घरांत त्याचा चुलतभाऊ, म्हणजे केर काढणारा यंत्रमानव, अधिक ओळखीचा आहे. दोघांच्या देखभालीचे नियम जवळपास सारखेच.

गवत कापणारे यंत्र जमिनीत पुरलेल्या तारेवरून किंवा उपग्रहांच्या संकेतांवरून आपली हद्द ओळखते. कोणी उचलले वा ते कलंडले, की खालची धारदार पाती थांबली पाहिजेत. काही यंत्रांना वाटेतली वस्तू पाहण्यासाठी कॅमेराही असतो. केव्हा थांबायचे, केव्हा वळायचे, हा सारा निर्णय सॉफ्टवेअरचा. त्यातली चूक कंपनीला सापडली, तर ती अपडेटमधून दुरुस्त होते. अंगणात मूल रांगत असेल, तर या दुरुस्तीचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरे कारण कुलपाचे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतील लास व्हेगास येथे भरलेल्या डेफ कॉन परिषदेत दोन संशोधकांनी एका कंपनीच्या यंत्रमानवांतील उणिवा दाखवल्या. शंभर मीटरहून अधिक अंतरावरून, ब्लूटूथच्या वाटेने परका माणूस यंत्राचा ताबा घेऊ शकत होता. कॅमेरा आणि मायक्रोफोनही त्याच्या हाती जात. केर काढणाऱ्या यंत्राचे ब्लूटूथ थोडाच वेळ उघडे राही, गवत कापणाऱ्याचे मात्र सदैव. म्हणजे दाराला कुलूप लावून खिडकी सताड उघडी ठेवण्यातला प्रकार!

अपडेट म्हणजे दरवेळी लाभच, असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तेव्हा अपडेट टाळू नये, पण ते डोळे मिटूनही करू नये.

अपडेट करताना

सुरक्षेसंबंधीचे अपडेट लवकर करावे. केवळ नव्या सोयींचे असेल, तर चार दिवस थांबायला हरकत नाही. यंत्र चार्जिंगच्या जागेवर ठेवून बॅटरी पूर्ण भरू द्यावी. ती जागा वायफायच्या टप्प्यात आहे का, हे पाहावे. वीज जाण्याची चिन्हे असताना किंवा वादळी पावसात हे काम काढू नये. अपडेट अर्ध्यावर तुटले तर यंत्र अडून बसू शकते. शोळिंगनल्लूरकरांनी ते सप्टेंबरातच उरकलेले बरे.

गवताची उंची, कामाच्या वेळा आणि पिन आधी वहीत लिहून ठेवावा. काही वेळा अपडेटनंतर या गोष्टी पुन्हा भराव्या लागतात. नंतरच्या पहिल्या फेरीला मुलांना आणि पाळीव प्राण्यांना घरात ठेवून मोठ्या माणसाने समोर उभे राहावे. यंत्र हद्दीत फिरते का आणि थांबवण्याचे बटण दाबताच थांबते का, ते पाहावे. पाती हाताळण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करायला विसरू नये. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. अपडेट कंपनीच्या ॲपमधूनच घ्यावे. अनोळखी संदेशातून आलेल्या दुव्याला हात लावू नये.

विकत घेताना

दुकानात किंमत आणि वॉरंटी सगळेच विचारतात. ‘सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार?’ हे मात्र फार थोडे विचारतात. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती वस्तूंच्या उत्पादकांना हा किमान काळ जाहीर करावाच लागतो. सगळ्या नगांना एकच सोपा पासवर्ड देण्यालाही तिथे बंदी आहे. आपल्याकडे ग्राहकाने स्वतःच हा प्रश्न विचारावा आणि उत्तर लेखी घ्यावे. गृहसंकुलाच्या समितीने तर सभासदांच्या वर्गणीतून असे यंत्र घेण्यापूर्वी ते नक्कीच मागावे. मोटर उत्तम चालते आहे, पाती धारदार आहेत, पण कंपनीने सॉफ्टवेअरकडे पाठ फिरवली, तर महागडे यंत्र हळूहळू अडगळीच्या खोलीकडे वाटचाल करू लागते.

कौले परतणारा माणूस छप्पर गळण्याची वाट पाहत नसे. यंत्रमानव कितीही हुशार असला, तरी त्याच्याबाबतीतही घरच्यांनी तेच धोरण ठेवावे. वर्षातून दोन-चारदा अर्धा तास काढला, की पुढचा मोसम निर्धास्त जातो.