गिऱ्हाईक खूश, पण टाकीत उतरलं कोण?

सेप्टिक टँक उपसणाऱ्यांचं काम सुधारायचं तर गिऱ्हाइकाचा अभिप्राय घ्या, असं हल्ली बरेच जण सुचवतात. घ्या की. पण विचारणार काय?

इंग्लंडात एकेकाळी धुराड्यातली काजळी खरवडायला लहान पोरं आत चढवायचे. १८०३ साली जॉर्ज स्मार्टनं जोडदांड्यांचा ब्रश काढला, १८२८ ला जोसेफ ग्लासनं तो आणखी सुधारला. म्हणजे पोर चढवायची गरज उरली नव्हती. तरी घरमालकांची कुरकुर काय? ब्रशनं काजळी खोलीभर उडते, वाकड्या धुराड्यात तो जात नाही, पोरगंच बरं. गिऱ्हाइकाला हवं म्हणून धंदेवाल्यानं पोरगं ठेवलं. १८४० च्या कायद्यानं २१ वर्षांखालच्यांना चढवायला बंदी झाली, ती कागदावरच. १८७५ ला जॉर्ज ब्रूस्टर नावाचा पोरगा धुराड्यात अडकून मेला (तेही एका इस्पितळाच्या!), तेव्हा कुठं पोलिसांच्या परवान्याची अट आली.

आता आपल्या गल्लीत या. टँकरवाला पाइप टाकतो, वरचं पातळ ओढतो, तळाचा घट्ट गाळ राहतो. मालक झाकणापाशी उभा: "पैसे मोजलेत, तळ दिसला पाहिजे." एवढ्या एका वाक्यावर माणूस खाली उतरतो. आत हायड्रोजन सल्फाइड असतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायू वाढला की नाकाला तो कळेनासा होतो. खाली उतरलेल्याला वाटतं, हवा सुधारली.

मुळात तळ दिसायची गरजच नाही. थोडा गाळ ठेवायचाच असतो, त्यातले जंतू पुढची घाण कुजवतात. घट्ट गाळावर पाण्याचा मारा करून, वरूनच ढवळून तो ओढता येतो. दर दोन-तीन वर्षांनी उपसा केला तर तो दगडासारखा होतही नाही. आपण मात्र झाकणावर फरशी बसवून मोकळे!

माणसाला असं उतरवायला २०१३ पासून कायद्यानं बंदी आहे. मृत्यू झाला तर ३० लाखांची भरपाई, असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलंय.

म्हणून नगरपालिकेला माझी सूचना : 'काम समाधानकारक?' एवढ्यावर भागवू नका. माणूस उतरला का, पाण्याचा मारा केला का, मागचा उपसा कधीचा, हे विचारा. आणि एक रकाना कामगारासाठीही ठेवा. कुठल्या मालकानं 'उतर' म्हटलं, ते त्यालाही लिहू द्या.