शिक्षक होणाऱ्यांनी अभ्यास कसा करावा?

नोव्हायपासून मोटारीने पाऊण तासाच्या आत इप्सिलांटी गाव लागते. शिक्षक घडवण्यासाठी मिशिगन राज्याने १८४९ साली तेथे नॉर्मल स्कूल स्थापन केले. आजचे ईस्टर्न मिशिगन विद्यापीठ ते हेच. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यास भिडे वाड्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई आधी स्वतः शिकल्या, मग शिकवू लागल्या.

शिकवणाऱ्याने आधी शिकावे, हे सर्वांस मान्य आहे. पण कसे शिकावे, हे कोणी विचारीत नाही. आमच्या मॉरिशस बेटावर काय, महाराष्ट्रात काय आणि येथे काय, पुष्कळशा छात्राध्यापकांची रीत एकच. सराव पाठ आणि टाचणे यांत सत्र निघून जाते, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण! टिपणांवर रंगीत रेघा ओढायच्या, चार वेळा वाचायचे, पेपरात उतरवायचे. गुण मिळतात, पण पुढे वर्गावर अपूर्णांक उलगडून सांगताना जीभ अडखळते.

दोष बुद्धीचा नाही, सवयीचा आहे. मिशिगनच्या शेजारी, ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठाचे जॉन डनलॉस्की व त्यांचे सहकारी यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. रेघा ओढणे व पुन्हा पुन्हा वाचणे खालच्या पंक्तीत गेले. अव्वल ठरल्या दोनच: पुस्तक मिटून स्वतःस प्रश्न विचारणे, आणि अभ्यास थोडा थोडा अनेक दिवसांत विभागणे.

आपल्या वाडवडिलांना यात नवल वाटले नसते. तिन्हीसांजेला परवचा म्हणत, तो रोज थोडा आणि न पाहताच!

कोणी म्हणेल, नोकरी-संसार सांभाळून रोज वेळ कोठून आणावा? आम्ही म्हणतो, ज्याला वेळ थोडा त्यालाच ही रीत अधिक सोयीची. रोजचा अर्धा तास एका जागरणाहून स्वस्त पडतो. अध्यापक महाविद्यालयांनीही केवळ सत्राअखेरच्या पेपरावर न विसंबता दर आठवड्यास छोटी चाचणी घ्यावी.

हा प्रश्न एकट्याच्या निकालाचा नाही. शिक्षक जसा अभ्यास करतो, तसाच तो मुलांकडून करवून घेतो. नोव्हायच्या मराठी घरांतील ज्या मुला-मुलींनी हा पेशा निवडला आहे, त्यांच्या हाती उद्या दरवर्षी एक नवा वर्ग येणार आहे. त्या मुलांसाठी तरी त्यांनी आजच पुस्तक मिटून पाहावे, किती आठवते ते.